लहान मुलांच्या छातीतील गाठ : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

कॅनडातील एका तीन वर्षांच्या मुलीला स्तनाचा कर्करोग झाल्याची जुनी बातमी सध्या पुन्हा मोबाइलवर फिरत आहे, आणि ती वाचून धास्तावलेल्या पालकांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. बातमी खोटी नाही. इतक्या लहान वयात हा रोग होऊ शकतो, परंतु तो इतका दुर्मीळ आहे की बालशल्यचिकित्सकांपैकी अनेकांना संपूर्ण कारकिर्दीत एकही असा रुग्ण भेटत नाही. याउलट, कर्करोगाच्या भीतीपोटी लहान मुलींच्या छातीवर विनाकारण झालेल्या शस्त्रक्रियांचे परिणाम आमच्यापुढे येत राहतात. म्हणून या महिन्याचे सदर याच विषयासाठी राखले आहे.

प्रश्न : माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या डाव्या स्तनाग्राखाली चिंचोक्याएवढी घट्ट गाठ लागली. हात लावला की तिला दुखते. उजव्या बाजूला काहीच नाही. येथील डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला पाठवू असे सांगितले असून पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे. ती बातमी वाचल्यापासून मला झोप नाही. काय करू? — एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, सर्वांत आधी ती तारीख रद्द करा. तुम्ही केलेले वर्णन कर्करोगाचे नसून स्तनाच्या वाढीच्या अगदी पहिल्या टप्प्याचे आहे. वयात येताना स्तनाग्राच्या बरोबर खाली एक घट्ट, चकतीसारखी गाठ तयार होते. ती बहुधा दुखते, आणि पुष्कळ मुलींमध्ये ती आधी एकाच बाजूला येऊन दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी दिसू लागते. तिलाच डॉक्टर मंडळी ‘ब्रेस्ट बड’ म्हणतात. मुलीचा संपूर्ण स्तन पुढे याच एवढ्याशा उतींतून घडणार असतो. कोंब खुडल्यावर रोप वाढत नाही, तसेच ही गाठ काढल्यावर त्या बाजूचा स्तन आयुष्यात कधीच वाढत नाही. कापलेली गाठ तपासून ‘कर्करोग नाही’ असा अहवाल येतो, घरी पेढे वाटले जातात, आणि पाच-सहा वर्षांनी तीच मुलगी एक बाजू सपाट राहिल्याचे दुःख घेऊन आमच्याकडे येते. हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखे असल्यामुळे मी याबाबत इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

मग काहीच करायचे नाही का? तसे नाही. मुलींमध्ये स्तनांची वाढ साधारणपणे ८ ते १३ या वयात सुरू होते. तुमची मुलगी आठाच्या आत आहे, म्हणून ती वेळेआधी वयात येत आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. बालरोगतज्ज्ञ तिच्या उंचीच्या वाढीचा वेग पाहतील, हाडांचे वय कळण्यासाठी डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतील, आणि गरज वाटल्यास हार्मोनच्या तपासण्या करून एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे, पाठवतील. गाठीविषयी शंका असेल तर सोनोग्राफी पुरेशी आहे. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, ती दुखत नाही आणि नैसर्गिक वाढ कोणती व वेगळी गाठ कोणती, हे तिच्यात बहुतेक वेळा स्पष्ट होते. मॅमोग्राफीचा या वयात उपयोग नाही. वाढत्या स्तनाच्या उती दाट असल्यामुळे चित्र नीट मिळत नाही, आणि विनाकारण क्ष-किरण मात्र त्या कोवळ्या उतींतून जातात.

काळजी कधी करायची, हेही सांगतो. गाठ स्तनाग्राच्या मध्यभागी नसून बाजूला आणि अलग असेल, आठवड्यागणिक वाढत असेल, त्वचेला किंवा खालच्या स्नायूला चिकटलेली असेल, वरची त्वचा ओढली गेली असेल, काखेत गाठ लागत असेल, किंवा मुलाला पूर्वी दुसरा कोणताही कर्करोग झालेला असेल, तर तज्ज्ञाला लवकर दाखवावे. मुलांच्या छातीत आढळणाऱ्या घातक गाठींमध्ये स्तनात सुरू झालेल्या कर्करोगापेक्षा इतरत्र सुरू होऊन तेथे पोहोचलेले रोग अधिक असतात. रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, आणि स्नायूंचा रॅब्डोमायोसार्कोमा ही त्यांची उदाहरणे आहेत. अशा वेळीही पहिले पाऊल सोनोग्राफीचे, आणि तिच्यातून उलगडा झाला नाही तर सुईने छोटा तुकडा घेण्याचे असते. थेट कापून काढण्याचे नसते. ‘दुखते म्हणजे काहीतरी वाईट आहे’ असा आपल्याकडे समज आहे, परंतु येथे बहुधा उलट असते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, आणि वाढीची गाठ दुखते.

प्रश्न : माझ्या नातीला जन्मून बारा दिवस झाले. तिची छाती दोन्ही बाजूंनी फुगली आहे आणि त्यातून दुधासारखे पाणी येते. अंघोळ घालणारी बाई ते रोज पिळून काढते. न काढल्यास पुढे गाठ होते, असे ती म्हणते. सुनेने ती बातमी वाचल्यापासून ती रडत असते. — एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, सूनबाईंना सांगा की हे बाळ पूर्णपणे ठीक आहे. गर्भात असताना आईचे हार्मोन बाळाच्या शरीरात जातात आणि त्यामुळे जन्मानंतर मुलींचीच नव्हे, तर मुलग्यांचीही छाती फुगते. काही बाळांच्या छातीतून दूधही येते. काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, हे आपोआप ओसरते.

पिळणे मात्र आजपासून बंद करा. पिळल्याने दूध थांबत नाही, उलट ते येत राहते. नाजूक त्वचेला इजा होऊन जंतू आत शिरतात आणि पू धरतो. बारा दिवसांच्या बाळाच्या छातीत गळू झाले तर त्याला रुग्णालयात ठेवून शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात, आणि कधी गळू फोडावेही लागते. त्यात स्तनाची मूळ उती खराब झाली तर त्याचा परिणाम मुलगी मोठी झाल्यावर दिसतो. अंघोळ घालणाऱ्या बाई वर्षानुवर्षे मायेने हे काम करतात आणि त्यांच्या आधीच्या पिढीने शिकवले तेच करतात, म्हणून त्यांच्यावर रागावू नका. फक्त छातीला हात लावायचा नाही, एवढे शांतपणे सांगा. छाती लाल झाली, गरम लागली किंवा बाळाला ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सहा महिने ते दोन वर्षे या वयातही काही मुलींची छाती थोडी वाढलेली दिसते. उंची झपाट्याने वाढत नसेल आणि वयात येण्याची इतर लक्षणे नसतील, तर तेथेही केवळ लक्ष ठेवणे पुरते.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या छातीत वर्षभर एक छोटी गाठ होती. ती दुखत नव्हती, म्हणून आम्ही थांबलो. आता बायोप्सीत ‘सिक्रीटरी कार्सिनोमा’ आला आहे. अहवालात तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह लिहिले आहेत. इंटरनेटवर वाचले की असा कर्करोग सर्वांत वाईट असतो. आमच्या घरात कोणालाच कर्करोग नाही. आमचे काय चुकले? ती वाचेल का? — एक वडील, नाशिक जिल्हा

उत्तर : आपले पत्र मी अनेकदा वाचले. जी गोष्ट जवळजवळ कोणाच्याच वाट्याला येत नाही ती आपल्या लेकीच्या वाट्याला आली आहे, आणि म्हणूनच आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मुलांमधील या प्रकारच्या कर्करोगाचा भविष्यकाळ चांगला असतो. रोग स्तनापुरता मर्यादित असताना नीट शस्त्रक्रिया झालेली मुले बहुतांशी मोठी होतात, शिकतात आणि आपले आयुष्य जगतात.

तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह असलेला, म्हणजे पेशींवर हार्मोनचे दोन आणि हर-२ हा एक असे तिन्ही ग्राही नसलेला कर्करोग आक्रमक असतो, हे आपण वाचलेत ते प्रौढ स्त्रियांमधील वेगळ्या रोगाविषयी आहे. सिक्रीटरी कार्सिनोमाच्या अहवालातही बहुधा तेच शब्द येतात, पण त्याची वागणूक निराळी आहे. तो सावकाश वाढतो, काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत कधीकधी पोहोचतो आणि त्यापलीकडे क्वचितच जातो. १९६६ मध्ये अमेरिकेतील रोगनिदानतज्ज्ञ मॅकडिव्हिट आणि स्ट्युअर्ट यांनी सात मुलांमध्ये तो आढळल्याचे प्रथम लिहिले, तेव्हा तो लहान मुलांचाच रोग मानला गेला. पुढे तो मोठ्या स्त्रियांमध्येही आढळला, मुलग्यांमध्ये आणि पुरुषांमध्येही आढळला, आणि आज त्याचे बहुसंख्य रुग्ण प्रौढच आहेत. स्तनाच्या सर्व कर्करोगांत त्याचा वाटा एका टक्क्याच्याही बराच खाली आहे.

आपले काय चुकले? काहीही नाही. हे मी समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. २००२ मध्ये संशोधकांना या रोगाचे मूळ सापडले. एखाद्या पेशीत १२व्या आणि १५व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात, ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही दोन जनुके एकत्र येतात, आणि त्या पेशीला वाढत राहण्याचा आदेश सतत मिळत राहतो. ही अदलाबदल मुलीच्या शरीरातील त्या एका पेशीत घडलेली असते. ती आईकडून किंवा वडिलांकडून आलेली नसते. बाहेरचे दूध, चिकन, प्लास्टिकचा डबा, मोबाइल, गर्भारपणी आईने खाल्लेले काही, यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध दिसलेला नाही. वर्षभर थांबलात, याची टोचणी आपल्याला असणार. न दुखणारी, हळू वाढणारी छोटी गाठ पाहून भले भले डॉक्टरही थांबतात, आणि या रोगाच्या सावकाश गतीमुळे आपल्याला अजूनही चांगली संधी आहे.

आता कामाचे बोलू. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्या. ते मिळवण्याचा आपल्याला हक्क आहे. मुलांच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग असलेल्या मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासून घ्या. मुंबईत परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय, जे १९४१ पासून हे काम करत आहे, तेथे असा विभाग आहे. निदान इतके दुर्मीळ असताना दुसऱ्या तज्ज्ञांनी काचपट्टी पाहणे हा पहिल्या डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. जनुकांची ती जोडणी आहे का, याची तपासणीही करायला सांगा. तिच्यामुळे निदान पक्के होते आणि पुढे कधी औषधाची वेळ आली तर मार्ग आधीच ठाऊक असतो.

उपचाराचा मुख्य भाग शस्त्रक्रिया हाच आहे. गाठ सर्व बाजूंनी निरोगी कडा ठेवून पूर्ण काढली जाणे महत्त्वाचे असते. ते करताना वाढीची उती वाचवता येईल का, हे गाठीच्या जागेवर आणि आकारावर ठरते. गाठ स्तनाग्राला लागून असेल तर ती उतीही काढावी लागू शकते, आणि तसे असल्यास ते स्वीकारावे लागेल. येथे इलाज पूर्ण होणे आधी येते. इस्लामपूरच्या ताईंना मी जे करू नका म्हटले, तेच आपल्याला करा म्हणतो आहे, कारण निदान वेगळे आहे. रोग पसरल्यास काखेतील ज्या लसिका ग्रंथीत तो सर्वांत आधी पोहोचतो ती तपासायची का, हे शल्यचिकित्सक ठरवतील. रेडिएशन लहान मुलांच्या छातीला शक्यतो देत नाहीत. केमोथेरपीचा या रोगात स्पष्ट फायदा दिसलेला नाही, म्हणून कोणी ती सुचवली तर तिची गरज का आहे, हे जरूर विचारा. रोग पसरलेला असल्यास किंवा परत आल्यास त्या जोडलेल्या जनुकावरच काम करणारे लॅरोट्रेक्टिनिब हे औषध आता उपलब्ध आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये ते मुले आणि प्रौढ या दोघांसाठीही मान्य केले.

हा रोग कधीकधी बऱ्याच वर्षांनी त्याच जागी परत येतो. त्यामुळे तपासण्या दोन-चार वर्षांत थांबवू नका. लेक मोठी झाल्यावर तिला स्वतःला त्या चालू ठेवता येतील अशी फाइल आजपासून बनवा. खर्चासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी शस्त्रक्रियेच्या आधीच करा. ती नंतर केली तर अडचण येते.

प्रश्न : माझ्या भाचीची अशीच शस्त्रक्रिया झाली आहे. ती आठ वर्षांची आहे. तिला काय झाले हे तिला सांगितलेले नाही. घरातील वडीलधारी म्हणतात की बाहेरही कळू देऊ नका, पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल. ती मात्र आता आरशासमोर कपडे बदलत नाही. — एक मावशी, रत्नागिरी

उत्तर : मावशी, शेवटच्या वाक्यातच भाचीने तुम्हाला सांगून टाकले आहे की तिला सर्व कळते. मुलांना न सांगितल्याने ती अनभिज्ञ राहत नाहीत. ती एकटी राहतात. मोठी माणसे कुजबुजतात, आई डोळे पुसते, आणि मुलगी मनाशी ठरवते की माझ्या हातून काहीतरी लाजिरवाणे घडले आहे. तिला तिच्या शब्दांत सांगा : तुझ्या छातीत एक आजारी गाठ होती, डॉक्टरांनी ती काढली, ती तुझ्या कोणत्याही वागण्यामुळे आली नव्हती आणि ती कोणाला तुझ्यापासून होणार नाही. कर्करोग हा शब्दही सांगा. तो शब्द ती शाळेत कधीतरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकेलच. तो आधी आईच्या तोंडून ऐकलेला बरा. त्यानंतर तिला विचारू द्या, आणि ज्याचे उत्तर आज देता येत नसेल ते डॉक्टरांना दोघी मिळून विचारू, असे सांगा.

लग्नाची चिंता करणाऱ्या वडीलधाऱ्यांचे प्रेम मला समजते, परंतु आठ वर्षांच्या मुलीच्या शरीराकडे वीस वर्षांनंतरच्या अपरिचित माणसाच्या नजरेने पाहणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तो आपणच करतो आहोत. लपवण्याची खरी किंमतही तिलाच मोजावी लागते. आजार गुप्त ठेवणारी घरे ठरलेल्या तपासण्यांना जाणे हळूहळू सोडतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे या रोगात त्या तपासण्यांवरच पुढची सुरक्षितता उभी आहे. गावभर सांगण्याची गरज नाही. वर्गशिक्षिका, खेळाच्या बाई आणि जवळचे दोन-तीन नातेवाईक यांना माहीत असावे, एवढे पुरे. स्तन पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया करता येते, मात्र दुसऱ्या बाजूची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात. तोपर्यंत योग्य आकाराचे पॅड मिळतात. ते हवेत की नकोत, हे त्या वेळी तिने स्वतः ठरवावे.

तपासणीच्या वेळी एक गोष्ट पाळा. डॉक्टरांनी तिच्या छातीला हात लावण्यापूर्वी तिला सांगावे आणि तिने मान डोलावेपर्यंत थांबावे. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करून द्या.

प्रश्न : मला ३४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आणि माझ्यात बीआरसीए-१ जनुकाचा दोष आढळला. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिची चाचणी आताच करून घ्यावी का? — एक आई, मडगाव

उत्तर : आता नको. आपल्याकडून हा दोष तिच्यात आलेला असण्याची शक्यता निम्मी आहे, पण त्यामुळे होणारा स्तनाचा कर्करोग बालपणीचा नाही. वर मी लिहिलेल्या मुलांच्या कर्करोगाशी याचा संबंध नाही. चाचणीचा निकाल काहीही आला तरी चौथ्या, दहाव्या किंवा पंधराव्या वर्षी आपण वेगळे काहीच करणार नाही. तिच्या मनावर मात्र एक ओझे तिच्या संमतीविना चढेल. सज्ञान झाल्यावर समुपदेशन घेऊन तिने स्वतः निर्णय घ्यावा. दोष आढळलाच तर एमआरआयने तपासणी साधारण २५व्या वर्षापासून सुरू करतात. टीपी५३ या जनुकाचा दोष असलेल्या कुटुंबांची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे बालपणीच इतर कर्करोग होऊ शकतात आणि म्हणून मुलांची चाचणी लवकर करतात. आपल्या अहवालात तो नाही.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाच्या छातीत गाठ लागते. — एक वडील, परभणी

उत्तर : वयात येणाऱ्या मुलग्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना हे कमी-अधिक होते आणि बहुधा एक-दोन वर्षांत जाते. एकदा डॉक्टरांना दाखवा. तो शर्ट काढायला किंवा पोहायला जायला लाजत असेल, तर त्याला या उत्तराचे पहिले वाक्य जरूर वाचून दाखवा.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. अकराव्या वर्षी मला हॉजकिन लिम्फोमा झाला होता. केमोथेरपी आणि छातीला रेडिएशन घेऊन मी बरी झाले. त्यानंतर कोणीच काही सांगितले नाही. वरील बातमीमुळे मनात आले, म्हणून विचारते. — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण विचारलेत, याचे मला फार बरे वाटले, कारण लहानपणाचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा सर्वांत खरा दुवा आपल्या पत्रात आहे. वाढत्या वयात छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलींना पुढे तरुणपणीच स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. त्या वेळी दिलेले रेडिएशन चुकीचे नव्हते. त्याने आपला जीव वाचवला. परंतु अशा मुलींची तपासणी चाळिशीपर्यंत थांबवायची नसते. उपचारानंतर ८ वर्षे किंवा वयाची २५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मॅमोग्राफी सुरू करावी, असे मार्गदर्शक नियम सांगतात. म्हणजे आपली वेळ पुढच्या वर्षी येते आहे.

जेथे उपचार झाले त्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागातून जुनी फाइल काढा. रेडिएशन छातीच्या कोणत्या भागाला आणि किती मात्रेत दिले, हे तिच्यात लिहिलेले असते. हृदयावर परिणाम करणारी केमोथेरपीची औषधे दिली होती का, तेही पाहा, कारण तसे असल्यास इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही, ठराविक काळाने करावी लागते. गळ्याच्या भागाला किरणे लागली असतील तर थायरॉइडची तपासणी जोडून घ्या. बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी मोठ्या केंद्रांत वेगळी ओपीडी चालते. फाइल घेऊन तेथे नाव नोंदवा, आणि आपल्या त्या काळच्या वॉर्डातील ज्या मैत्रिणी अजून संपर्कात असतील, त्यांनाही हे उत्तर आजच पाठवा.